पंचवीस रुपयांची चिठ्ठी

पुलगावच्या महिला मंडळाने बालवाडीच्या छपरासाठी जुन्या वस्तूंची विक्री ठेवली. रूपरावाने त्यात बायकोची हाताने फिरवायची शिलाई मशीन दिली. देवकाबाईला जाऊन तीन महिने झाले होते. मशीन शेजारच्या पंचफुलाला मिळावी, एवढंच त्याच्या मनात होतं. शिवण तिला देवकाबाईनेच शिकवलं होतं. तिला परवडावी म्हणून त्याने मंडळाच्या मंदाबाईंना सांगून मशीनला फक्त पंचवीस रुपयांची चिठ्ठी बांधायला लावली.

विक्री दहाला सुरू व्हायची होती. शाळेच्या फाटकाबाहेर बायांची रांग लागली. रूपराव रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होता. साडेनऊला आतून हातगाडी बाहेर आली. जुन्या मालाचा दुकानदार हिरालाल ती ओढत होता. घागरींच्या वर देवकाबाईची मशीन.

"हे कुठं घेऊन राह्यले?" रूपरावाने विचारलं.

"दुकानात. आन् कुठं?"

"दहा नाई वाजले अजून."

"मांडव माह्याकडून फुकट असते, भाऊ. म्हून माल मी आधी पायतो. दरसालचं आहे."

मंदाबाई धावत आल्या. "रूपरावजी, त्यांच्यामुळं अर्ध्या छपराचे पैसे जमले."

"तं मंग या बायांले काऊन उन्हात उभं केलं? उरलंसुरलं चिवडाले?"

मंदाबाईंचा चेहरा पडला. "पण चिठ्ठी तुम्हीच पंचवीसची लावली. मी दीडशे म्हणत होते."

"दीडशे असते तं मी हात नसता लावला," हिरालाल म्हणाला. "सस्त्या मालाले पयलं गिऱ्हाईक माह्यासारखंच भेटते."

रांगेतून पंचफुला पुढे आली. पदराची गाठ तिने मुठीत धरली होती. "काकाजी, काकूची मशीन चालली का? मले सांगतलं असतं तं घरूनच नेली असती न!"

रूपरावाने गाडीवरच्या मशीनवर हात ठेवला. आपल्या हाताने ती कुणाला देणं त्याच्याने होत नव्हतं. दुसऱ्या कुणी द्यावी, म्हणून त्याने ती इथे आणून टाकली होती.

"कितीले देता?" त्याने हिरालालला विचारलं.

"शंभर. तुमाले म्हून."

रूपरावाने पेन्शनच्या नोटा काढल्या, मोजल्या, दिल्या. मंदाबाईंनी फाटक लोटून बंद केलं. "हिरालालजी, आता दहापर्यंत आतलं काही हलवायचं नाही."

"मी फुकट नाई घेत," पंचफुला म्हणाली.

"कोण देते फुकट? चिठ्ठीवर पंचवीस हायेत, पंचवीस काढ."

तिने गाठ सोडून पैसे दिले. रूपरावाने मशीन गाडीवरून उचलून तिच्यापुढे धरली. तिने खालून हात लावले. जड होती. दोघंही तसेच उभे राहिले.

"सोडा न काकाजी," ती हळूच म्हणाली. "धरली मी."

"हो, सोडतो," तो म्हणाला.

मागच्या बाया वाट पाहत होत्या. त्याने आधी एक हात काढला.