नागुबाईच्या परातीतलं कुंकू

मी पाण्यातली गोचीड बोलतेय. नाक मुरडू नका, आमचं सगळं घराणंच असं. मोहरीएवढी, लालभडक आणि दुसऱ्याच्या जिवावर गुबगुबीत.

माझा जन्म खानापूरकडच्या एका तळ्यातला, जर्मनची लढाई चालू होती तेव्हाचा. अंड्यातून निघाले ती बहिणींबरोबर थेट एका पाणकिड्याच्या पंखांखाली शिरले, सोंड खुपसली आणि संसार थाटला. तो पोहायचा, मी जेवायचे. तो उडायचा आणि मी बहिणींना सांगायचे, "बघा, कशी उडतेय मी!"

वैशाखात तळं आटलं. किडा नवं पाणी शोधायला उडाला, पण आमच्या ओझ्यानं बिचाऱ्याला धड उडता येईना. खाली नागुबाईनं चिंचेनं घासलेली पितळी परात अंगणात वाळत ठेवली होती. उन्हात ती अशी चकाकली, की त्याला वाटलं पाणीच! ठण्णकन आदळलो.

पुन्हा उडायला त्यानं पंख पसरले आणि आम्ही उघड्या पडलो. नागुबाईनं हातच जोडले.

"आगं बया! पाठीवर कुंकू! आसरांनी धाडलंय ह्याला!"

आसरा म्हणजे विहिरीतल्या देवी. मला छाती नाही, तरी ती फुगली.

तिनं आम्हाला विड्याच्या पानावर बसवून हळदकुंकू वाहिलं. पाणी मात्र थेंबभर नाही. किड्याचे पाय आखडत चालले. तो मेला की मीही मेले, हे कळत होतं. मग मी काय केलं? आणखी एक घोट घेतला. भीतीनं मला भूक लागते.

इतक्यात तिचा नवरा भावकू स्टेशनात लाकडाच्या वॅगनी भरून घरी आला.

"आगं, मरालंय की ते!"

"गप बसा. पूजा व्हायची हाय."

"आसरांचं हाय न्हवं? मग त्यांच्याकडंच पोचीव की. जीव लई कासावीस झालाय त्येचा."

नागुबाई चपापली. पान पदराआड धरून अनवाणीच तापल्या वाटेनं विहिरीकडं पळाली. "आई, चुकलं माझं," म्हणत तिनं आम्हाला पाण्यात सोडलं.

किडा निपचित तरंगत राहिला. मग त्याचा एक पाय हलला, मग दुसरा. भरल्या पोटानं मी गळून पडले आणि तो तळाकडं निघून गेला. मला रडू आलं. इतके दिवस त्याचं खाल्लं, पण त्याला नावसुद्धा विचारलं नव्हतं.

आता मी स्वतः पोहते, स्वतः शिकार करते आणि लई दमते. परवा ह्याच विहिरीत माझी अंडी फुटली. पोरं म्हणाली, "आई, घर कुठं शोधायचं?" मी सांगायच्या आतच ती निघालीसुद्धा. किड्या, माझ्या बाबा, ऐकतोयस न्हवं? तुझ्याकडंच यायला लागल्यात. लांब पळ रं!