चाळीस नंबरवर सांगायचं असतं

नोव्हेंबरात आमच्याकडे दोघांनाच घाई असते: गव्हाच्या ट्रकवाल्यांना आणि कासवांच्या माद्यांना. आभाळ भरून आलं की ट्रकवाले पाऊस पडायच्या आत सायलो, म्हणजे धान्याची कोठी, गाठायला धावतात. पोटात अंडी घेतलेल्या लांबमान्या माद्याही तेच आभाळ बघून पाणथळीतून वर येतात, पलीकडच्या वाळूच्या उंचवट्यावर अंडी घालायला. मध्ये हमरस्ता. आणि हमरस्त्यावर केशरी जाकीट घातलेली मी.

सात वर्षं झाली याला. नवरा क्वीन्सलँडला गेला त्या वर्षी सुरू केलं. "तिकडची हवा उबदार आहे, नोलीन," म्हणाला होता. हवेचं नाव शर्लीन आहे हे मला पुढे पोस्टातल्या बाईकडून कळलं. घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून कासवं उचलायला लागले. कासव बोलत नाही, पण उचललं की असा काही वास सोडतं की त्याचं म्हणणं पोचतं.

बोलणं व्हायचं ते रेडिओवर. पाणथळीजवळच्या वळणावर फोन लागत नाही, पण ट्रकवाले सगळे चाळीस नंबरच्या चॅनलवर असतात. मीही माझ्या जुन्या गाडीत तसा रेडिओ बसवून घेतला.

"वळणावर एक बाई निघालीय रे, हळू या."

"कोण, तू की कासव?" हा रेज. कायम हाच.

"जिची मान लांब आहे ती."

"मग कसं ओळखायचं? तुझीही येताजाता लांबलेलीच दिसते!"

त्यांचे चेहरे मला फारसे माहीत नाहीत. काचेमागे एक टोपी, आणि स्टिअरिंगवरून उचललेलं एक बोट, म्हणजे आमच्याकडचा नमस्कार. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

एक नियम मी घालून दिला होता. ज्याच्या चाकाखाली कासव येईल त्यानं तिथल्या तिथे चाळीस नंबरवर सांगायचं. कासवी मेली तरी पोटातली अंडी काही तास जगतात. सायलोमागे राहणारी ऑड्री ती काढून ओलसर पेटीत उबवते. सांगितलं तर वाचतात, लपवलं तर कावळ्यांची धन होते.

गेल्या वर्षी नेव्हिल पॅस्कोनं सांगितलं होतं. पन्नाशीचा, अबोल माणूस. "नोलीन, माझ्याकडून एक गेलं गं." मी सगळ्यांदेखत त्याला सोलून काढला. "चाळीस टन ओढतोस आणि एक ब्रेक दाबवत नाही? डोळे काय सायलोत ओतून आलास?" सगळे खदखदून हसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या दिवसापासून नेव्हिल चॅनलवर बोलला नाही. त्या कासवीची नऊ अंडी पुढे फुटून पिल्लं निघाली, पण त्याला हाक मारून तेवढं सांगावं, हे मला सुचलं नाही.

परवा मंगळवारी दुपारी तीनला पश्चिमेकडून काळं दाटून आलं. मी गावातून घाईनं परतत होते. रेडिओवर रेज त्याच्या सासूची काहीतरी गोष्ट सांगत होता आणि मी एकटीच गाडीत हसत होते. तशीच वळणावर आले. ती रस्त्याच्या मध्यावर होती. मी चाक फिरवलं, उशिरा. टायरखाली तो आवाज आला, आणि गाडी कडेच्या चरात जाऊन रुतली.

मला काही झालं नव्हतं. तिची पाठ दुभंगली होती आणि लांब मान डांबरावर आडवी पडली होती. मागच्या पायाजवळच्या मऊ कातड्याला बोट लावून बघितलं. अंडी होती.

गाडी निघेना. ऑड्री पंचवीस किलोमीटरवर. मी रेडिओ हातात घेतला.

"वळणावर कुणीतरी कासव उडवलंय. पोटात अंडी आहेत. माझी गाडी चरात गेलीय. सायलोकडे कोण निघालंय?"

'कुणीतरी' हा शब्द मी ठरवून घेतला नव्हता. तो आपोआप तोंडात आला, आणि मला सोयीचा वाटला.

"कोण रे तो आंधळा?" रेज म्हणाला. "ये पुढे, शिव्या खायला!"

थोडी खरखर झाली. मग वर्षभर न ऐकलेला आवाज आला.

"मीच असेन," नेव्हिल म्हणाला. "दहा मिनिटांपूर्वी गेलो तिथून. काहीतरी लागल्यासारखं वाटलं, मला वाटलं खड्डा. येतो मी वळून."

"भरलेला आहेस ना तू? पाऊस येतोय."

"ताडपत्री आहे."

"पुन्हा तूच का रे, नेव्ह!" रेज हसला. "नोलीन, दे त्याला चांगली!"

सगळे थांबले. माझ्यासाठीच थांबले होते, चिप्सची पुडी उघडून बसल्यासारखे. खरं बोलले तर नेव्हिल कशाला वळेल, आणि अंडी जातील. गप्प राहिले तर अंडी वाचतील, आणि तो आणखी एक वर्ष गप्प राहील.

मी बटण दाबलं. "नेव्हिल नाही. मीच मारलं. हसत होते, रस्त्याकडे लक्ष नव्हतं. आणि मघाशी खोटं बोलले."

मी रेडिओ जागेवर ठेवला आणि खाली उतरले.

तिला ओल्या टॉवेलात गुंडाळून गाडीतल्या रिकाम्या आइसबॉक्समध्ये ठेवलं आणि चराकाठी बसले. एक ट्रक आला, हळू झाला, माझ्याकडे न बघता गेला. तो नेव्हिल नव्हता. आता कुणी थांबणार नाही, असं धरून मी पायी निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात समोरून नेव्हिलचा ट्रक आला.

तो खाली उतरला. आवाजावरून वाटायचा त्यापेक्षा बुटका होता.

"गेल्या वर्षीची नऊ वाचली होती," मी म्हणाले. "तुला सांगायचं राहिलं."

"वर्षभर राहिलं?"

"हो."

त्यानं आइसबॉक्स शेजारच्या सीटवर ठेवला आणि पट्टा आवळला, लेकराला आवळावा तसा. "येतेस?"

मी पाणथळीकडे बघितलं. गवतातून आणखी एक वर येत होती. "या अजून निघतायत."

त्यानं मान हलवली आणि गेला. पाऊस लागला. मी चौघींना पलीकडे नेलं, ज्या दिशेला त्यांची तोंडं होती तिकडेच.

साडेपाचला रेडिओवर नेव्हिल बोलला. "चौदा होती. तीन फुटलेली. अकरा पेटीत आहेत."

सगळे ऐकत होते, हे मला ठाऊक होतं. "ऐकलं," मी म्हणाले. पुढचं, माफीचं, तोंडात जुळवेपर्यंत दोघंजण गव्हाच्या ओलाव्याबद्दल बोलायला लागले होते, आणि त्यांच्यामध्ये बोलायचा माझा धीर झाला नाही.