वहिनीचे रंग आणि भाऊजींचं बटण

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या दुकानात थोरला भाऊ कापड कापायचा, कारागीर शिवायचे आणि धाकटा सुधारणा करायचा. सुधारणा करायला सुईदोरा लागत नाही, म्हणून ते काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं.

मापं मात्र वहिनीकडे. काउंटरवरच्या कॉम्प्युटरात एक्सेलची एक भलीमोठी फाइल होती आणि तिच्यात प्रत्येक शाळेची वेगळी शीट. एका शीटवर अक्षर ढोबळं, दुसरीवर मुंगीएवढं. कुठे रकाना इतका अरुंद की आकड्यांच्या जागी नुसती जाळी दिसायची. त्यातच वहिनी मधूनमधून एखाद्या पोराच्या चौकटीत रंग भरून ठेवायची. पिवळा, निळा, राखाडी, लहर लागेल तसा. म्हणजे, लहर असं धाकट्याला वाटायचं.

एकदा तो म्हणाला, "वहिनी, ही फाइल आहे की गोधडी?"

"ऊब येते ना भाऊजी, मग झालं," हातातल्या टेपवरची नजर न काढता ती म्हणाली.

तो हसला, आणि चौकशी तिथेच संपली. पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचली ती ही न केलेली चौकशी.

वहिनी चार दिवस माहेरी गेली तेव्हा त्याने मॅक्रो शिकून घेतला. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदा काम करून दाखवायचं. तो ते पाठ करतो आणि बटण दाबलं की घडाघडा म्हणून दाखवतो. धाकट्याने त्याच्याकडून घोकून घेतलं: आधीचं रंगरूप पुसायचं, मथळे ठळक करायचे, अक्षर एकसारखं, रकाने ऐसपैस, मग पुढची शीट, अशा शेवटपर्यंत सगळ्या. आणि हुशारी उतू जात असल्यामुळे, शेवटी फाइल सेव्ह करण्याचंही त्याने त्यातच घातलं.

बटण दाबलं. शीटमागून शीट न्हाऊन निघाली. थोरल्याला बोलावून दाखवलं. थोरला छान म्हणाला. कात्री सोडून जगातलं सगळंच त्याला छान वाटायचं.

वहिनी आली. एक शीट पाहिली, दुसरी पाहिली, मग भराभरा सगळ्या.

"रंग कुठे गेले?"

त्याने अभिमानाने बटण दाखवलं. ती म्हणाली, परत आणा. तेव्हा त्याला कळलं की मॅक्रोने केलेलं मागे फिरत नाही. जुनी प्रत त्याने ठेवली नव्हती. नीटनेटक्या माणसाला पसाऱ्याची प्रत कशाला हवी?

पिवळा म्हणजे पोर झपाट्याने वाढणार, आत दुमड जास्त सोडा. निळा म्हणजे एक खांदा उतरता, आतून गादी द्या. राखाडी म्हणजे आईबद्दल विचारू नका. वहिनीने हे सगळं हलक्या आवाजात सांगितलं.

"मग लिहून ठेवायचंस ना," तो म्हणाला.

"पोर समोर उभं असतं, भाऊजी. त्याला वाचता येतं."

स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवण्याची सुधारणा धाकट्याचीच होती.

आठवले तेवढे रंग तिने पुन्हा भरले. बाकीचे तिच्याही डोक्यात नव्हते. त्यासाठीच तर ते फाइलीत होते.

शाळा उघडायच्या आठवड्यात एका मुलाने नवा शर्ट चढवला. एक बाही तळव्यावर लोंबली. मुलाने ती मुठीत धरून लपवली आणि आरशासमोर तिरपा उभा राहिला. त्याची आई एवढंच म्हणाली, "असू दे, चालेल." तोंडात टाचण्या धरून वहिनी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. धाकट्याने स्क्रीन भिंतीकडे वळवला आणि ती चौकट हाताने निळी केली.

तेव्हापासून वहिनी मापं घेते, पण तोंडी सांगते; टाइप धाकटा करतो. रंग ती सांगत नाही, आणि दोघांमधले टोमणेही बंद आहेत. खांदा, बाही, कंबर, आणि पुढचं पोर.

परवा एक काटकुळी मुलगी मापाला आली. बराच वेळ तिच्या मनगटांकडे बघून त्याने विचारलं, "वहिनी, ही पिवळी का गं?"

वहिनीने टेप गुंडाळला.

"बटणाला विचारा," ती म्हणाली, आणि पुढच्या पोराला जवळ बोलावलं.