एकाच नावाचे दोघे

मी 'इशारा' बोलतोय, बंदरावरच्या हवामान कचेरीतल्या संगणकातून. मी एक फंक्शन आहे, म्हणजे एका नावाखाली बांधून ठेवलेली चार-पाच कामं. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत माझं नाव टाइप केलं की बॅश, म्हणजे तिथल्या आज्ञा वाचून पाळणारा प्रोग्रॅम, मला हाक मारतो. वाऱ्याचा वेग घेऊन मी समुद्रातल्या सगळ्या होड्यांना संदेश धाडतो.

मला लिहिलं ते कचेरीतल्या ताईनं. शेजारच्या टेबलावर काका बसतात. मागचा संदेश पाहायचा तर त्यांना रोज लांबलचक आज्ञा टाइप करावी लागे. एकदा कंटाळून त्यांनी त्या आज्ञेला एलियस, म्हणजे टोपणनाव, दिलं. नेमकं माझंच! वर, नवी खिडकी उघडताना बॅश जी फाइल वाचतो, जिच्यात मी राहतो, तिच्यात ते माझ्या आधी लिहूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा अचानक फिरला. ताईनं नवी खिडकी उघडली, तर बॅश कुरकुरला: कंसापाशी चूक आहे. घाईत तिनं तरीही माझं नाव टाइप केलं. पडद्यावर आलं, 'समुद्र शांत.'

"अहो, हा तर कालचा संदेश!" ताई ओरडली.

"बाहेर किती होड्या आहेत?" काकांनी विचारलं.

"निम्म्याहून जास्त."

मी फाइलमध्ये होतो, पण त्या खिडकीत जन्मलोच नव्हतो. फाइल वाचताना माझं नाव दिसताच बॅशनं त्याजागी काकांची आज्ञा ठेवली आणि फंक्शनच्या नावापुढे असतो त्या कंसाला तो ठेचकाळला.

ताईनं पडद्यावर बोट ठेवून माझे कंस तपासले. सगळे जागच्या जागी. मग तिनं बॅशलाच विचारलं: 'टाइप', म्हणजे 'हे नाव कशाचं?' असं विचारणारी आज्ञा, आणि पुढे माझं नाव. उत्तर आलं, हे टोपणनाव आहे.

"काका, हे तुम्ही घातलंत?"

"हो गं! सोपं नाव वाटलं मला. बदल, बदल पटकन."

तिनं फाइलमध्ये त्यांचं टोपणनाव बदलून 'मागचा' केलं, बॅशला फाइल पुन्हा वाचायला लावली. पुन्हा तीच चूक! काकांचा चेहरा पडला.

"फाइल सुधारली," ताई स्वतःशीच म्हणाली, "पण या खिडकीला जुनं अजून पाठ आहे."

तिनं 'अनएलियस' टाइप करून ते जुनं टोपणनाव पुसलं आणि फाइल परत वाचायला लावली. बॅश गप्प. माझ्या जिवात जीव आला! पुढच्याच क्षणी मी सगळ्या होड्यांकडे धावलो.

दोघं रेडिओला कान लावून बसले. बराच वेळ नुसती खरखर. मग एका होडीवरून आवाज आला, "वळलो, ताई. मागचेही वळतायत." काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून उगाचच पुसला.

अंधार पडायच्या आत सगळ्या होड्या धक्क्याला लागल्या. आता आणखी दोन बंदरांनीही मला नेलंय. तुमची खिडकी कधी अशी अडली, तर कंसाला बोल लावण्याआधी नावाची चौकशी करा. ते दुसऱ्या कुणी घेतलेलं असेल, तर सोडवा. अशा वेळी आम्हा फंक्शनांत खोट नसते, आम्हाला फक्त उभं राहायला जागा हवी असते.

बरंय, येतो. बाहेर ढग जमलेत, आणि ताईनं माझं पहिलं अक्षर टाइप केलंय.