खंडेनवमीचं कार्ड

खंडेनवमीला यंत्रांना कुंकू लावतात, मान्य. पण कॉम्प्युटर उघडून आतल्या ग्राफिक्स कार्डाला ओलं कुंकू? अय्यो! गोकुळ रोडच्या अमितनं तेच केलं. नुसत्या बाहेरच्या डब्याची पूजा कशाला, म्हणे. दसऱ्याला बटण दाबलं आणि कार्ड गेलं.

त्या कॉम्प्युटरवर त्याचं लाकडात जाळी कोरायचं मशीन चालतं. सॉफ्टवेअर जुनं, विंडोज सेव्हनशिवाय हलत नाही, आणि बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. अमितनं नवं कार्ड आणून बसवलं, तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, सेव्हनसाठी निघालेलाच नाही. पडद्यावर अक्षरं ही एवढाली, आणि कोरायची जाळी काही केल्या दिसेना. दोघेतिघे दुरुस्तीवाले हात टेकून गेले. मग केशवापूरहून मला बोलावलं.

"स्मृती, संध्याकाळपर्यंत झालं तर बघ," अमित म्हणाला. "नाहीतर नवं मशीन घेतो. ते चालवायला कंपनी आपला माणूसच देते."

हे तो हेमावतीअक्कांच्या देखत बोलला! जुनं मशीन त्याच चालवतात, अमितच्या वडिलांच्या वेळेपासून. अक्का कापड घेऊन मशीन पुसत राहिल्या. माझं डोकंच फिरलं.

नव्या कार्डाचा ड्रायव्हर चढवून बघितला. उत्तर आलं, या सिस्टीमवर चालणार नाही. चालणार नाही म्हणजे काय? मी बघते ना. त्याच कंपनीच्या आधीच्या एका कार्डाचा ड्रायव्हर सेव्हनवर चालतो, आणि दोन्हींची चिप एकच. त्या ड्रायव्हरच्या फाइलीत नव्या कार्डाचा नंबर घातला आणि चढवला. अक्षरं तशीच एवढाली.

"झालं कल्याण," म्हणत अमितनं नव्या मशीनच्या कंपनीला फोन लावला.

"आग्तैतेन्री?" अक्कांनी हळूच कानडीत विचारलं. होईल का?

"आग्तैति," मी ठासून सांगितलं. होणारच होतं. फाइलीत कुणी फेरफार केला की विंडोज ती अडवतं, एवढीच गोम. ती तपासणी बंद केली, ड्रायव्हर पुन्हा चढवला, कॉम्प्युटर सुरू केला. अक्षरं आपल्या मापात आली आणि जाळी लख्ख दिसली.

अक्कांनी फळी लावली. कमळाची जाळी सुरेख कोरून निघाली. अमित फोनवर म्हणाला, "नको हो, आमचं सुरू झालं. मशीन नको, माणूसही नको."

अक्का मटकन स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

"आता काय झालं, अक्का?" अमित गोंधळला. "मशीन चालतंय की!"

"अरे गाढवा," मी म्हटलं, "सकाळपासून त्यांच्याच तोंडावर त्यांना घरी बसवायचं बोलतोयस!"

अमितच्या हातातला फोन तसाच राहिला. त्याला खरंच कळलं नव्हतं.