कपाशीच्या फुलाचा तास

कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा त्याचा रंग ताज्या लोण्यासारखा असतो. उन्हं कलली की पाकळ्यांच्या कडांवर गुलाबी छटा चढू लागते, आणि दुसऱ्या दिवशी ते लालसर होऊन मिटून जातं. माझ्या बायकोची, सुजाताची, जी मुद्रा मी डोळे मिटले तरी पुसली जात नाही ती अशाच एका फुलावर वाकलेली आहे. डाव्या तळहातावर फूल, उजव्या हाताच्या चिमटीत अर्धं ब्लेड, आणि श्वास असा रोखलेला, जसा निजलेल्या लेकराजवळून जाताना आपण रोखतो. मग ब्लेड एकदाच फिरतं आणि फुलाच्या तळाशी दडलेलं, हिरव्या मण्यासारखं इवलंसं घर उघडतं. त्या घरात बीजांडं ओळीने बसलेली असतात. "पाहा," ती म्हणते. तिच्या या एका शब्दात जेवढा प्रकाश असतो तेवढा आमच्या घरातल्या सगळ्या दिव्यांत मिळून नाही. आणि वीजबिल तर माझ्याच नावाने येतं.

मिशनच्या शाळेला जोडून अकरावी-बारावीचे वर्ग आहेत. तिथे ती वनस्पतिशास्त्र शिकवते. मी पंचायत समितीत कागदांवर शिक्के मारतो आणि फुलांपैकी मला खात्रीने ओळखता येतो तो फक्त फुलकोबी. तरी आमच्या संसारात फुलं आणायचं खातं माझ्याकडे आहे, कारण स्कूटर मी चालवतो. कारंज्याच्या रस्त्याने सकाळी तिला सोडायला निघालो की मागच्या सीटवरून हलकेच आवाज येतो, "थांबा ना जी," आणि मी पोट सावरत बांधावर उतरतो. श्रावणात धोतऱ्याचे पांढरे कर्णे, भादव्यात तरोट्याची पिवळी दाटी, त्याच सुमारास फुलावर आलेली कपाशी. ऋतू मला पंचांगातून कधी कळले नाहीत. ते बायकोने हाताला धरून मला चिखलात उतरवलं तेव्हा कळले. एकदा धोतऱ्याच्या झुडपात अर्ध्या शिरलेल्या मला पाहून ओळखीच्या गुराख्याने विचारलं, "काय सायेब, तुमीबी श्रावन सोमवार धरला काय?" आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. सुजाता स्कूटरवर एवढी हसली की तिच्या हातातला डबा घरंगळत खाली गेला. ते हसू अजून त्या वळणावर कुठेतरी सांडलेलं असावं. मी जाता-येता पाहतो, सापडत नाही.

आमच्या भागात बारावी विज्ञानाची एक रीत पडून गेली आहे. नाव शाळेत घालायचं आणि मूल अकोल्याच्या क्लासला धाडायचं. शिक्का इथला, विद्या तिथली. मूल शाळेत उगवतं ते प्रात्यक्षिक परीक्षेपुरतं. सकाळच्या प्रार्थनेत मुख्याध्यापिका सिस्टर खरं बोलण्यावर शांत आवाजात चार वाक्यं बोलतात, आणि पहिल्याच तासाला बारावीच्या ओस बाकांची हजेरी लागते. सिस्टर वाईट नाहीत. नाव घालायलाही कोणी आलं नाही तर वर्गच मोडेल या भयाने त्या मान खाली घालून व्हरांड्यातून निघून जातात. आणि सुजाता खडू घेऊन फळ्यापुढे उभी राहते. पूर्वेच्या खिडकीतून येणारं ऊन एकेका बाकावर बसत जातं, हुशार विद्यार्थ्यासारखं निमूट, आणि तास संपायच्या आत मागच्या दाराने उठून जातं.

यंदा मात्र एक मुलगी यायची. अश्विनी, कामरगावची. काळ्यापिवळ्या जीपमध्ये कोंबून, दोन वेण्या आणि धुळीने भुरकट झालेल्या पापण्या घेऊन ती पहिल्या बाकावर येऊन बसे. तिच्या बापाची ऐपत नव्हती म्हणून ती येत होती, हे सुजातालाही कळत होतं. पण तहानलेल्याने पाण्याचं कूळ विचारू नये. तिने मनाशी एकच धरलं होतं: ही एक पोर शेवटच्या धड्यापर्यंत टिकावी. फुलाच्या अंतरंगापासून सुरू होणारा आणि अरण्याच्या व्यवहारापाशी संपणारा तो सबंध अभ्यासक्रम निदान एका जिवंत माणसासमोर, एकदा तरी, पुरा शिकवून व्हावा. रात्री पोळ्या लाटताना ती मध्येच थांबून म्हणायची, "आज अश्विनीनं विचारलं, मॅडम, फुलाले माहीत असते काय, थे दोनच दिवस हाये म्हून?"

"मंग तू काय सांगतलं?" मी विचारलं.

"म्हटलं, त्याले माहीत असतं तर थे उमललंच नसतं." आणि पोळी करपली. मी ती करपलेली पोळी न बोलता खाल्ली. माझ्या आयुष्यातलं शौर्य साधारण याच दर्जाचं आहे.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी अश्विनीचा बाप तिला घेऊन आमच्या दारात आला. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात सीताफळांची पिशवी. मुलगी त्याच्या मागे, चपलेच्या अंगठ्याकडे पाहत.

"तिच्या मामानं अकोल्यात खोली देल्ली मॅडम," तो म्हणाला. "क्लासवालेबी घेऊन राह्यले. नाव तुमच्याच शाळेत राहीन."

"वर्ग चालू हाये ना पन इथं," सुजाता म्हणाली.

"एकलीच बसते थे. गावात लोक इचारतात, पोरगी शिकून राह्यली का शिक्षा भोगून राह्यली?" मग त्याचा आवाज खाली आला. "तुमी चांगलंच शिकवता मॅडम. पन सारे तिकडं गेल्यावर माह्या लेकीनं कायले मागं राहाव?"

सुजाताने अश्विनीच्या वेणीवरून हात फिरवला, म्हणाली, "जा. जेवत जाय टायमावर." सीताफळं पिकली तेव्हा आमच्या घरात ती कोणी खाल्ली नाहीत. मी एक खाल्लं, चोरून. फार गोड होतं आणि ते गोड असल्याची मला लाज वाटली.

त्यानंतरही ती फुलं नेत राहिली. ब्लेड मात्र पर्समधून बाहेर निघेना. फूल टेबलावर ठेवायचं, उन्हाने बाकांवर बसून जायचं, आणि दुपारी पाकळ्या गुलाबी होताना पाहायला वर्गात तिच्याखेरीज कोणी नसायचं.

निरोपसमारंभाला या शाळेत एक प्रथा आहे. प्रार्थनागृहातल्या ज्योतीवर प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने मेणबत्ती पेटवायची, बारावीच्या मुलांनी तिच्यावरून आपली, आणि मग ती अकरावीच्या हाती द्यायची. त्या दिवशी सगळी आली. साड्या, कोट, अत्तर, मोबाईल. अश्विनी आली नाही, तिचा क्लासमध्ये पेपर होता. मी मागच्या रांगेत, नातेवाईकांच्या खुर्चीत. जरीकाठाच्या साडीतली एक मुलगी न पेटलेली मेणबत्ती घेऊन सुजातापुढे उभी राहिली, गोंधळली, आणि अगदी निर्मळ आदराने विचारती झाली, "मॅडम, तुमी आमाले कोनता विषय शिकवत होत्या?"

सुजाताची ज्योत किंचित हलली. वारा नव्हता.

"वनस्पतिशास्त्र," ती म्हणाली, आणि हात आडोशाला धरून तिने त्या मुलीची वात पेटवून दिली, तितक्याच जपून, जितकं जपून ती फूल उघडायची.

आता शेतांतून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या आहेत. काळ्या रानावर सरळसोट ऊन आणि वर कोरडं आभाळ. जूनमध्ये पुन्हा नावं भरतील, बाकं भरणार नाहीत. मी अजूनही रोज तिला सोडायला जातो. ते वळण आलं की स्कूटर आपोआप मंदावते, माझा एक पाय जमिनीकडे झुकतो, आणि मागच्या सीटवरून कोणीच थांबा म्हणत नाही. दोन दिवसांच्या फुलाला आपलं आयुष्य माहीत नसतं, हे तिनेच सांगितलं होतं. ज्याला माहीत झालं त्याने काय करावं, हा धडा अभ्यासक्रमात नसावा. काळ पुढे जातो म्हणतात. माझ्यासाठी तो त्या बांधाशी एक पाय टेकवून उभा आहे, न आलेल्या एका हाकेची वाट पाहत.