शिमग्यानंतरची हाक

कमलेशला डेक हवा होता. पडवी नव्हे, ओटा नव्हे, डेक. लाकडी फळ्यांचा, लोखंडी कठड्याचा, मागच्या उतारावर थोडा पुढे झुकलेला. पोशेऱ्याच्या त्या पाड्यात हा शब्द त्याच्याआधी कुणी तोंडातून काढलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यालाही तो तोंडात नीट बसला नव्हता. पण जव्हारच्या कचेरीत कारकून झालेल्या माणसाला असे शब्द बाळगावेच लागतात.

स्वयंपाकघर वाढवायचं होतं ते मात्र खरोखर गरजेचं होतं. कमलेशची बायको जयवंती शाळेत शिक्षिका. सकाळी तिची डब्याची घाई, त्याच वेळी सासूची चूल पेटलेली. दोघी एकदम उभ्या राहिल्या तर एकीची पाठ भिंतीला आणि दुसरीची जाळाला. कुडाच्या भिंती धुरानं काळ्या झालेल्या. जयवंतीला उभ्यानं काम करायचा ओटा, गॅससाठी जागा, एक मोठी खिडकी आणि सासूसाठी एका कोपऱ्यात चूल एवढंच हवं होतं. यात कुणी नाव ठेवावं असं काहीच नव्हतं.

डेकचं खूळ कमलेशचं एकट्याचं. कचेरीतली मंडळी एकदा दाभोशाच्या धबधब्याकडे जेवायला गेली होती. तिथल्या हॉटेलात असा एक डेक होता. साहेब वेताच्या खुर्चीत बसून, पाय लांब करून, दरीकडे बघत चहा प्यायले. कमलेश त्यांची बॅग धरून शेजारी उभा होता. त्या दिवशी त्याच्या मनात ती खुर्ची घर करून बसली. आपल्या घरामागेही डोंगर आहे की! फुकटचा डोंगर आहे, फक्त त्याच्याकडे बघत बसायला जागा नाही. जन्मभर ज्या डोंगरातून लाकडं आणली तो डोंगर बसून बघायचा, ही कल्पनाच त्याला इतकी मोठी वाटली की तो जयवंतीला रात्रंदिवस तेच सांगू लागला. ती म्हणाली, "आधी ओटा बांधा. मग बसा डोंगर बघत."

शिमगा झाला आणि त्यानं जव्हारचा ठेकेदार मुकेश याला बोलावलं. मुकेशनं येऊन फीत धरली, मोबाईलवर चित्रं दाखवली आणि जायच्या आधी चुन्याची फक्की टाकून जमिनीवर रेघा मारल्या. स्वयंपाकघराच्या मागून निघालेल्या पांढऱ्या रेघा थेट उतारावरच्या आंब्याच्या बुंध्यापर्यंत गेल्या.

कमलेशची आई मंगळी लाकडाची मोळी घेऊन आली तेव्हा तिनं त्या रेघा पाहिल्या. मोळी टाकून ती त्यांच्या कडेकडेनं चालत गेली, परत आली. तिला फार आनंद झाला होता.

"कवा उभं करायचं?" तिनं विचारलं. "आयतवारी?"

कमलेश मोबाईलवर साहेबांना निरोप धाडत होता. रविवारी साहेब मुकेशबरोबर जागा बघायला येणार होते. साहेबांच्या बंगल्याचं काम मुकेशनंच केलेलं, म्हणून ते आपणहून म्हणाले होते, 'बघू तर तुझं घर.' कमलेशनं मान वर न करताच "हूं" केलं.

तेवढं मंगळीला पुरलं.

त्या पाड्यात घर उभं करायला मजूर लावत नाहीत. घरवाल्यानं दारोदार जाऊन हाक द्यायची, की अमुक दिवशी आमच्याकडं मेढी पुरायच्या आहेत. मग ज्याच्याकडे जे असेल ते घेऊन तो येतो. कुणी बांबू, कुणी दोर, कुणी नुसते आपले दोन हात. त्या दिवशी सगळ्यांनी त्या घरचं जेवायचं. उद्या दुसऱ्याचं घर असेल, तेव्हा आपण जायचं. कमलेशच्या बापाचं घर असंच उभं राहिलं होतं. मधली मेढ, आढं पेलणारा खांब, जिव्यानं पुरली होती, आणि आढं चढलं तेव्हा त्यानंच लहानग्या कमलेशला खांद्यावर घेऊन आढ्याला हात लावायला लावला होता. जिव्या नात्यानं कुणी नव्हे, खालच्या अंगाच्या घरातला शेजारी. पण कमलेश त्याला काका म्हणायचा, आणि जिव्या त्याला कमल्या म्हणायचा. नोकरी लागल्यावरही कमल्याच.

शिमग्याला भिवंडीकडची, ठाण्याकडची माणसं कामावरून घरी आलेली होती. मंगळी दुसऱ्याच दिवशी पदर खोचून निघाली आणि प्रत्येक दारात हाक देऊन आली. मुलाला सांगायची गरज तिला वाटली नाही. घर बांधणाऱ्याला काय सांगायचं, की तुझ्या घराला माणसं येणार आहेत म्हणून?

रविवारी साहेबांची गाडी धूळ उडवत आली. कमलेश इस्त्रीच्या शर्टात वाट बघत होता. पहाटेपासून आई मोठाली पातेली चढवून बसली आहे हे त्यानं पाहिलं होतं, पण साहेब येणार म्हणून ती जरा जास्तच करते आहे असं त्याला वाटलं, आणि तो मनातून सुखावलाही होता. साहेबांना आणि मुकेशला घेऊन तो मागे गेला. "इथं डेक, साहेब. इथं बसलं की समोर सगळी रेंज दिसते." डोंगररांगेसाठी रेंज हा शब्द त्यानं आदल्या दिवशीच पाठ केला होता.

"छान," साहेब म्हणाले. "जागा मात्र झकास आहे तुझी."

कमलेश फुलला. आणि नेमकी त्याच वेळी खालून माणसं वर यायला लागली.

पुढे जिव्या आणि पाड्यातलाच सुकऱ्या. दोघांच्या खांद्यावर सागाची एक जाड, सरळ मेढ. मागे पहारी, कोयते, दोराच्या गुंडाळ्या घेतलेले बापे. बायकांच्या डोक्यावर शेणाच्या पाट्या, पाण्याचे हंडे. कुणाच्या अंगात भिवंडीच्या कुठल्याशा गोदामाचं नाव छापलेला बनियन, कुणाचे पाय अनवाणी, कुणाच्या कानाच्या पाळीत अजून शिमग्याचा गुलाल. हसत, एकमेकांची टवाळी करत सगळे चुन्याच्या रेघांशी येऊन थांबले.

"कमल्या," जिव्या धापा टाकत ओरडला, "मेढ कुठं उतरवू रं?"

साहेबांनी भुवया उंचावल्या. "हे कोण सगळे? तुझी माणसं?"

आता इथं एक शब्द बोलायचा होता. हो. एवढाच. हो साहेब, माझी माणसं. पण कमलेशला त्या क्षणी जिव्याच्या टाचांच्या भेगा दिसल्या, शेणाच्या पाट्या दिसल्या, साहेबांचे चकचकीत बूट दिसले, आणि त्याला आपल्या माणसांची लाज वाटली.

"नाही साहेब," तो म्हणाला. "मजूर आहेत. काम निघालंय कळलं की येतात असे, आशेनं."

हे त्यानं हळू म्हणायला हवं होतं. पण साहेबांशी बोलताना त्याचा आवाज नेहमीच मोठा व्हायचा.

मग तो माणसांकडे वळला आणि शाळेतल्या मराठीत म्हणाला, "आज काम नाही. तुम्ही लोक जा आता. लागलं तर कळवतो."

कुणीतरी हसत होतं, ते हसू तिथल्या तिथं विझलं. जिव्या कमलेशकडे बघत राहिला. रागानं नव्हे. ओळखीच्या माणसाला आपण भलत्याच नावानं हाक मारली की काय, असं वाटल्यावर माणूस बघतो तसा. मग तो सुकऱ्याला म्हणाला, "चल रं." दोघांनी ती जड मेढ दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि उतार उतरायला लागले. त्यांच्यामागे सगळे गेले. एका बाईच्या हंड्यातलं पाणी हिंदकळून चुन्याच्या रेघेवर सांडलं, तेवढी एक खूण मागे राहिली.

"बरं केलंत," मुकेश म्हणाला. "एकदा कामावर लावून घेतलं की मग ऐकत नाहीत."

साहेब चहा न घेताच गेले. त्यांना पुढे कुठं तरी जायचं होतं.

गाडी गेल्यावर कमलेश आत आला. कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं, हे त्याला त्या घरात जन्मून ठाऊक असायला हवं होतं. चुलीपाशी उडदाच्या आमटीचं पातेलं, भाताचं त्याहून मोठं पातेलं, भाकरींची चळत. जयवंती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आईंनी हाक दिली होती. मला आत्ता सांगितलं त्यांनी. एवढी माणसं तुमच्या दारातून उपाशी गेली."

तो आईशी बोलायला वाकला, "आये, मला काय ठावं..."

मंगळीनं त्याला बोलू दिलं नाही. रडली नाही, ओरडलीही नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून तिनं आमटीचं पातेलं उचललं. "भात तू घे," म्हणाली. "घराच्या कामाला निघालेलं माणूस त्या घरचं जेवल्याबिगर ऱ्हात नाय."

इस्त्रीच्या शर्टावर भाताचं पातेलं घेऊन कमलेश आईच्या मागून पाडाभर हिंडला. प्रत्येक दारात मंगळी उभी राहायची आणि वाढायची. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण कुणी देईना. "अरं, आमालाबी मोखाड्याला जायाचं व्हतंच." "बरं झालं, माझं कपडं धुवायचं ऱ्हायलं व्हतं." प्रत्येकानं त्याच्यासाठी एकेक खोटं शोधून ठेवलेलं होतं, आणि प्रत्येक खोट्यानं त्याची मान आणखी खाली जात होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जिव्याच्या अंगणात ती मेढ आडवी पडलेली होती. जिव्याचं स्वतःचं घर एका अंगाला कललेलं. म्हणजे ही मेढ त्यानं आपल्या घरासाठी राखून ठेवली होती आणि ती तो आधी कमलेशकडे घेऊन आला होता. हे कमलेशला आत्ता दिसलं.

"काका," तो म्हणाला, "ते साहेब व्हते म्हणून मी..."

"व्हय," जिव्या म्हणाला. "दिसला साहेब." मग मंगळीकडे वळून म्हणाला, "आमटी चांगली झाली बाय."

कमलेशनं मुकेशला काम थांबवायला सांगितलं. कारण विचारलं तर उन्हाळा फार आहे म्हणाला. जयवंतीनं एकदाही ओट्याचं नाव काढलं नाही. चुन्याच्या रेघा कोंबड्यांनी विस्कटल्या. तो रोज मोटारसायकलवरून जव्हारला जायचा, यायचा, आणि जिव्याच्या घरापाशी आपोआप गाडीचा वेग वाढवायचा. काय बोलायचं ते मनात रोज जुळवायचा. त्याला एकच हवं होतं. जिव्यानं पुन्हा एकदा कमल्या म्हणून हाक मारावी. मग भले दोन थोबाडीत द्याव्यात.

आणि एका संध्याकाळी जिव्याची बायको माघी दारोदार हाक देत वर आली. पावसाच्या आधी त्यांच्या घराची मेढ बदलायची होती. कमलेश दारापुढच्या ओट्यावर बसला होता. तो झटकन उभा राहिला.

माघी त्याच्या शेजारून दारापाशी गेली. "बाय, आयतवारी ये गं," तिनं आत मंगळीला सांगितलं. "जयवंतीलाबी आण."

"काकू, मीबी येतो," कमलेश म्हणाला.

माघी गोंधळली. तिनं पदर नीट केला. "तुम्ही कशाला," ती म्हणाली. "तुम्हाला कामं असत्यात."

या बाईच्या चुलीपुढे त्यानं लहानपणी भाकरीसाठी हट्ट केला होता. तिनं त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

रविवारी तो गेला. बापाची पहार माळ्यावरून काढली, जुना शर्ट घातला, चपला घरीच ठेवल्या. जिव्याच्या अंगणात सगळा पाडा होता. जुनी मेढ काढून खड्डा उकरायचं काम चाललं होतं. मंगळी आणि जयवंती बायकांत बसून माती मळत होत्या. कमलेश पहार घेऊन खड्ड्याशी गेला. उकरणाऱ्यांनी हात थांबवले, अदबीनं बाजूला झाले. जिव्यानं माघीला खूण केली. ती गेली, शेजारच्या घरातून एक प्लास्टिकची खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि अंगणातल्या आंब्याच्या सावलीत ठेवली.

"बसा, साहेब," जिव्या म्हणाला.

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. कमलेशनं तो शोधला. असता तर जिव्याला धरून तो रडला असता, पाया पडला असता. पण जिव्या खरोखरच घरी आलेल्या मोठ्या माणसाला बसायला सांगत होता.

"काका, मी कमल्या हाय."

"ठावं हाय की. बसा. चा घ्या."

तो बसला. सगळ्यांना चहा स्टीलच्या पेल्यात आला, त्याला कपबशीत. दोनदा उठायचा प्रयत्न केला, दोनदा कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ द्या, आमी हाव ना." बापे खड्ड्यात उतरले. मेढ उभी राहिली. आढं नीट बसलं तेव्हा एकच आरोळी उठली, आणि जिव्यानं आपल्या नातीला खांद्यावर घेऊन तिचा हात आढ्याला लावला.

जिव्याच्या अंगणातून डोंगर फार छान दिसतो. कमलेशला हवा होता अगदी तसा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पण त्याची नजर मांडीवर आडव्या पडलेल्या पहारीवरून वर जाईना. थोड्या वेळानं त्यानं कुणी बघत नाही असं पाहून ती पहार उचलली आणि हळूच खुर्चीखाली सरकवून ठेवली.